सावित्रम्माच्या उजव्या हाताची केस

…आणि वर मलाच विचारतात, "आजी, गोळ्यांच्या डब्यातला कागद वाचला नव्हता का?" कुठला कागद? अहो, सात गोळ्या! कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं सात गोळ्या कात्रीनं कापून दिल्या, आमी काय अख्खा डबा घेतो का गोळ्यांचा, कागद राहिला डब्यात, डबा राहिला दुकानात, आणि मी घरी येऊन चहा पिऊन गोळी गिळून मोकळी! लघवीला जरा जळजळ व्हायली म्हणून डॉक्टरकडं गेलते हो, उजवा हात चांगला धडधाकट घिऊन गेलते, आणि पाचव्या दिवशी परातीत पीठ मळायला बसले तर खांद्यात कट्! असा आवाज की चुलीपाशी बसलेली सून, चंद्रिका, दुधनीची हाय ती, सासूला कानडीत अत्ती म्हणती, ती म्हणाली, "अत्ती, काय मोडलं ओ?" मी म्हटलं लाटणं मोडलं असंल. भाकरीच्या घरात लाटणं कशाला येतंय! मीच मोडले होते की.

हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. फोटो काढला, उजेडाला धरला, आणि कसा शांतपणे म्हणतोय बघा, "टेंडन फाटलंय आजी, स्नायू हाडाला बांधणारी दोरी. त्या अँटिबायोटिकनं होतं असं कधीकधी. साठीच्या पुढं जपावं लागतं." कधीकधी! अरे बाबा, मग आधी सांगायचं की! गोळी लिहून दिलेल्या डॉक्टरला गाठलं, तर त्यो हसतोय, "सावित्रम्मा, हजारात एखाद्याला होतं." जन्मात कधी मला भिशी पहिली लागली न्हाय, आणि हजारात एक म्हटल्यावर बरोबर माझा नंबर! मेडिकलवाला म्हणतो, "मी काय, चिठ्ठीवर असंल ते दिलं." कंपनीला नोटीस धाडली तर कंपनी लिहिती, आमी कागदात स्पष्ट सांगितलंय. कागद बघितला मी मग. उलगडला तर पंचाएवढा, अक्षरं खसखशीएवढी, आणि तीबी इंग्रजीत! ह्याला सांगणं म्हणतात? सांगायचं तर तोंडानं सांगा की, मराठीत सांगा, कानडीत सांगा, दोन्ही कळतंय मला!

आता तुमी म्हणाल, म्हातारीचा हात, एवढा काय बोभाटा? अहो, सोलापुरात बाळीवेशीत कुणालाबी इचारा, सावित्रम्माची कडक भाकरी! पापडासारखी पातळ, महिनाभर टिकती, मोडली की कुर्र! आमचे मालक मल्लप्पा गेले तवा दोन पोरं पदरात होती, ह्याच हातानं थापून थापून मोठी केली. तो हात आता खांद्याच्या वर जात न्हाय. वेणी घालायला सून लागती. रडले मी, खोटं कशाला बोलू? मल्लप्पा गेले तवा रडायला सवड न्हवती, हाताला मात्र सवडीनं रडले.

हात गेल्यापासून दीड वर्ष झालं, थापती चंद्रिका. मी नुसती पुढं बसते, पदराला पीठ लावून. गिऱ्हाईकाला कशाला सांगायचं? घरातलं घरात.

कंपनीवर केस टाकली, ती लढायला माझ्या बहिणीचाच पोरगा, शरणबसव वकील. त्यानं पढवून ठेवलं, "मावशी, एकच वाक्य बोलायचं. ह्या हातानं आता भाकरी होत न्हाय. बास. त्याच्या फुडं तोंड उघडायचं न्हाय." मी आठ दिवस घोकलं, देवापुढं घोकलं, नळावर घोकलं. आणि ग्राहक कोर्टात कंपनीनं कोण आणून उभं करावं? पुण्याची वकीलबाई, लोण्यासारखी! "आजी, बसून बोलता का? पाणी हवंय का?" मी म्हटलं, किती गुणाची पोर. तिनं पिशवीतनं माझंच भाकरीचं पाकीट काढलं! "ही आपलीच ना?" म्हटलं, "माझीच की." "यावर छापलंय, सावित्रम्मांच्या स्वतःच्या हातची. आणि तारीख गेल्या आठवड्याची."

अय्यो शिवा! शरणबसव खोकायला लागला, नुसता खोकतोय. सुनेनं थापली म्हणावं, तर ग्राहक कोर्टात उभी राहून मीच ग्राहकाला फसवलं! मी थापली म्हणावं, तर हात बरा! तरीबी तुमाला सांगते, मी खरं बोलणार होते. शपथेवर. पण त्या बाईनं काय करावं? पाकीट फोडलं, तुकडा मोडला, खाल्ला, आणि निकाल देणाऱ्या साहेबांकडं बघून म्हणती, "हं. जरा जाडच आहे नाही? हात अधू झालेल्या बाईचीच असेल बिचारीची."

जाड?

जाड! सावित्रम्माची भाकरी जाड! पुण्याची बाई, पोळी खाणारी, सोलापुरात येऊन मला भाकरीची जाडी सांगायली! माझं डोकंच फिरलं. उठले आणि वरडले, "ए बाई, ही भाकरी मी थापलीय, मी! ह्याच हातानं! कालबी पन्नास थापल्या, उद्याबी थापीन!" आणि हात वर करून दाखवायला गेले तर हात काय वर येईना, पण तोवर तोंड बोलून बसलं होतं. शरणबसवचा खोकला थांबला. बाई म्हणाली, "थँक्यू आजी." साहेबांनी लिहून घेतलं, तक्रारदाराचा हात व्यवस्थित काम करतो. केस खलास! आणि भाकरी जाड न्हवतीच हो. चंद्रिकाची भाकरी, तुमाला म्हणून सांगते, माझ्यापेक्षाबी पातळ हाय.

चंद्रिका कोर्टात मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर परात माझ्यापुढं, पीठ माझ्यापुढं, आणि बाईसाहेब टेकून बसलेल्या! "अगं, काय ही थट्टा?" तर म्हणती, "थट्टा कसली अत्ती? कोर्टानं लिहून दिलंय तुमचा हात चांगला हाय. मी कोण त्याच्यावर बोलणार?" म्हटलं, "अगं, दुखतोय गं हात!" तर कशी म्हणाली, "मग साहेबांना आधी सांगायचं की!"

बसले थापायला. दात-ओठ खाऊन चार थापल्या. एक फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, राहिलेल्या दोन ह्या अशा, तळव्याएवढ्या जाड! तेवढ्यात मंद्रूपचे सिद्धराम मास्तर आले, वीस वर्षाचं गिऱ्हाईक. चंद्रिकानं मुद्दाम त्यातलीच एक त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी घास घेतला, चावला, चावला, लई वेळ चावला, आणि हळूच मला म्हणाले, "सावित्रम्मा, हल्ली सुनंला बसवलंय काय हो थापायला? तुमच्या हातची चव न्हाय ह्याला."

चंद्रिका तोंडाला पदर लावून हसायली. आता काय सांगू त्या माणसाला? म्हटलं, "व्हय मास्तर… शिकती अजून."