अमेरिकेचा गेम, किल्लारीचा टीव्ही

आमच्या किल्लारीत भूकंपापासून एक सवय हाय. कुणी "बाहेर व्हा" म्हणून ओरडलं, की आधी पळायचं अन् मग विचारायचं.

माझा भाचा अमेरिकेहून आला होता. आमच्याकडं राहून लातूरला त्याची ट्यूशन चालू होती तवा मामीनं, म्हंजी माझ्या बायकोनं, त्याला व्हिडिओ गेम घेऊ दिला नव्हता. म्हणून तिकडं तसलाच जुना गेम शोधला अन् मामीसंगंच खेळायचं म्हणून घेऊन आला. आमच्या टीव्हीला जोडला, तर चित्र थरथरत वर सरकायला लागलं. झालं! बायकोनं त्याचं मनगट धरलं अन् "भूकंप! बाहेर व्हा!" ओरडत अंगण गाठलं. मागोमाग सगळी गल्ली बाहेर.

"मामी, जमीन न्हाई हालली," भाचा म्हणाला. "तिकडच्या मशीनचं चित्र इकडच्या टीव्हीला जुळत न्हाई."

शेजारचा गफूर हसला, "भाभी, माझा चहा सांडला की!"

ती हसली न्हाई. मनगट बी सोडलं न्हाई.

"चल की आत. उद्या मी जाणार, एक डाव तरी खेळ," भाचा काकुळतीला आला.

ती घराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "टीव्ही अंगणात आण. मग हालू दे किती बी. पण डोक्यावर आभाळ पायजे."