बाईंच्या दाढेतला बोगदा

—अहो, लावा की हात, बिनधास्त लावा! ती पाटी? ती पोरांसाठी. तुम्ही काय पोर आहात? या, असे इकडून या, पोट जरा आत घ्या—हां—इथून गाडी बोगद्यातून निघताना दिसते. आली, आली, आली... बघितलंत? दर वेळी अंगावर काटा येतो माझ्या! आयुष्यभर लोकांचे दात काढले, पण दवाखान्यात हसत कोणी आलं नाही. आणि आता दवाखाना बंद करून तिथेच ही खेळण्यातली रेल्वे मांडली, तर रविवारी लोक आपण होऊन येतात, आ वासून उभे राहतात—आणि मला काही उपटायचं नसतं! हसा, हसा. घाई नाही ना तुम्हाला? मलाच आज एका जागी बसवत नाहीये. सारखं दाराकडे का बघतोय ते विचारू नका. नका विचारू. बरं, सांगतोच.

आधी ही टेकडी बघा. दगड वाटतो ना? प्लास्टर आहे—दातांचे साचे! कवळी करायची तर आधी जबड्याचा साचा घेतात ना, ते. माळ्यावर ढीग पडला होता, टाकवेना. मग उलटेसुलटे रचले, वर भुसा, हिरवा रंग, झाली टेकडी. तो कडा म्हणजे आमच्या पोस्टमास्तरांचा वरचा जबडा. कोणाला पत्ता लागला? छे! आणि मग एक दिवस एक बाई आल्या—माझ्याच जुन्या पेशंट, शाळेत गणित शिकवायच्या, गणिताच्या बाईच म्हणतात त्यांना सगळे—आल्या, चष्मा कपाळावर ढकलला, टेकडीपाशी वाकल्या, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डॉक्टर, ही माझी दाढ आहे. बोगदा माझ्या दाढेतून काढलात?" अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! पण रागावल्या का त्या? नाही! एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की खुर्ची द्यावी लागली. म्हणाल्या, टेकडी माझी, तेव्हा देखरेखीला मीच येणार. आणि आल्या की हो! दर रविवारी. गाड्यांच्या वेळा त्यांनीच बसवून दिल्या, त्याआधी माझ्या दोन गाड्या सारख्या एकमेकींवर आपटायच्या.

ही फलाटावरची छोटी बाई? लक्ष गेलंच का तुमचं! सूज नाही हो आली तिला, सगळे तेच विचारतात. ते काय आहे—जरा जवळ या—गणिताच्या बाई दर खेपेला वेगळ्या रंगाचा स्वेटर घालून येतात. आणि त्या गेल्या रे गेल्या, की मी ब्रश घेऊन हिचा स्वेटर त्याच रंगाचा करतो. आधीचा रंग खरवडायचा असतो, कळतं मला, पण खरवडवत नाही. मग काय, थरावर थर, थरावर थर, बाई फुगतच चालली! त्यांना कळलं का? कळलं असेल तर दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या या बाईला जेवण मानवलेलं दिसतंय." या वयात, सांगा, हे काय वय आहे? केस गेले, गुडघे गेले, माझेच दोन दात गेले—आणि सकाळपासून तीनदा सदरा बदलला! आज विचारायचंच, ठरवलंय. काय म्हणजे? लग्नाचं हो! असं तोंडाने वदवून घेता होय?

फक्त एक गोम आहे. त्यांचा मुलगा. लांब असतो, मोठं घर आहे, आईला कायमची घेऊन जाणार म्हणतो. मागच्या रविवारी त्या आल्याच नाहीत. गेल्या तर? त्या गेल्या तर मी गाडी वेळेवर कोणासाठी सोडू? त्या मुलाचं तोंडही पाहिलं नाही मी, पण राग येतो हो त्याचा! आई म्हणजे काय कपाट आहे, रिकाम्या कोपऱ्यात नेऊन ठेवायला? समोर आला ना, तर भूल न देता—

काय झालं? हसताय कशाला?

कोण? तुम्ही?

अरे देवा! थांबा, बसू दे मला. तरीच! तरीच मघापासून वाटतंय, हा जबडा ओळखीचा आहे. ते भूल न देता वगैरे—माझ्या जिभेला हाड नाही हो. पण तुम्ही आधी सांगायचं ना! मी बोलूच दिलं नाही? तेही खरंच. बरं, आता एकदाच काय ते सांगून टाका. न्यायलाच आलात ना? ...काय म्हणतात त्या? "रविवारचं जमत नाही"? दर वेळी हेच म्हणतात? सामान बांधून झालं तरी? आणि मागच्या रविवारी याच्यावरूनच भांडत बसलात दोघं? म्हणून आज तुम्ही, रविवारी असतं तरी काय, ते बघायला एकटेच वर— अहो, मग त्या कुठे आहेत? खाली? गाडीत बसवून ठेवलंय? आईला?

उठा. उठा आधी! तुमचं बघून झालं. हे घ्या जॅकेट, तो जिना. नाही, तुम्ही नका बोलावू, मीच जातो खाली. हे लोक? बघू देत किती बघायचं ते. त्या उतरल्या की तुम्ही गाडी काढा आणि सरळ त्यांच्या घरी जा. जेवायला आमची वाट बघू नका. त्यांना मी आणून सोडीन.