हवा काढल्याशिवाय वाळूत चाक घालू नये

किनाऱ्यावर ट्रक अडकल्याबाबत विचारणा झाल्यावरून मी, वय बावन्न, धंदा वार्ताहर, शिक्षण संस्कृत घेऊन एम. ए., राहणार छापखान्यामागची गल्ली, वरचा मजला, स्वतः ठाण्यात येऊन सांगतो ते असे:

प्रथम माझी तक्रार. काथ्याची पायपुसणी, नग दोन, कोरी, आज दुपारीच घेतलेली, किनाऱ्यावरून नाहीशी झाली आहेत. त्यांवर अद्याप एकाही मनुष्याने पाय पुसले नव्हते. पुसले ते ट्रकने. सौभाग्यवतींपुढे रिकाम्या हाताने उभे राहणे माझ्या प्रकृतीला झेपणारे नाही. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "साहेब, पायपुसणी राहू द्या, ट्रक आत गेला कसा ते बोला." तरी बोलतो.

ट्रक माझ्या थोरल्या भावाचा. वय एकसष्ट, अडतीस वर्षे ट्रकचालक. त्याला मी दादा म्हणतो, आणि गावातले सगळे ड्रायव्हरही. किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या सुताराला एक इंजिन पोचवायचे होते. परवानगी सुताराने काढली होती. मी बाजारातून दादाच्या शेजारी बसलो.

चारच्या सुमारास दादाने रस्ता सोडून ट्रक वाळूत घातला. वाळूत उतरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची. टायरला जरा पोट सुटले की तो पसरतो, रुतत नाही. हा धडा इथल्या निम्म्या ड्रायव्हरांना दादानेच दिलेला आहे. आज तो थांबला नाही. त्याला माहीत असेल असे समजून मी गप्प बसलो. साठेक पावलांवर मागची चाके बसली. दादाने आणखी रेस दिली, तशी ती आसापर्यंत गेली. भरती चढत होती. पाणी वीस पावलांवर होते.

सुतार धावत आला. म्हणाला, "दादा, हवा नाही काढलीत?"

"काढली की. रस्त्यावरच काढली."

सुताराने टायरवर लाथ मारून पाहिली. मग माझ्याकडे पाहिले.

यापुढचे दादाचे काम निर्दोष होते, हे मुद्दाम नोंदवावे. त्याने सुताराच्या माणसांकडून इंजिन उतरवून ट्रक हलका केला. मी 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' असे काहीसे पुटपुटलो, तर म्हणाला, "पंडित, श्लोक नंतर. आधी फावडं धर." चाकांमागची वाळू त्याने उताराने काढायला लावली, पोटाखालची मोकळी केली, चारही टायरांची हवा काढली आणि मागे पायपुसणी अंथरली. मी हरकत घेतली. "तुझ्या बायकोला सांग, भासऱ्यांनी मागून घेतली," म्हणाला. मग स्टिअरिंग सरळ धरून, जराही रेस न वाढवता, आलेल्याच चाकोरीतून ट्रक मागे घेतला. चार चाळीसला आम्ही रस्त्यावर होतो. पाणी तोवर खड्ड्यात शिरले होते.

रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरायची असते. मी पंप काढून दादाच्या हातात दिला. तो खाली ठेवून दादा टायरपाशी बसला आणि काडीने व्हॉल्व्ह दाबू लागला. मी विचारले, "दादा, काय करतोस?"

म्हणाला, "वाळूत जायचंय ना आपल्याला? आधी हवा नको काढायला?"

त्याची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती.

हवा मी भरली. दादाला टपरीवर चहाला बसवले होते.

पूर्वी असे काही घडले होते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, गेल्या महिन्यात तो घराचे वळण चुकला. मी त्याची थट्टा केली, तोही हसला. तेव्हापासून काही ना काही निमित्ताने मी त्याच्या शेजारी बसतो. आज बाजाराचे होते.

दोष कोणाचा, असे विचारले. माझा कोणावर आरोप नाही. दादा विसरू लागला आहे. उद्या सकाळी सातला तो माल घेऊन शाळेवरून जाणार आहे, आणि मला सायकलपासून ट्रकपर्यंत सगळे चालवायला ज्याने शिकवले, त्याच्याकडे किल्ली कशी मागायची ते मला समजत नाही. मला भीती वाटते. हे घरी अजून कोणाला सांगितलेले नाही.

वरील मजकूर माझ्या विनंतीवरून हळू आवाजात वाचून दाखवण्यात आला, कारण दादा बाहेर बाकावर बसला आहे. मी सांगितले तसेच लिहिले आहे.