दगडावरची कोरी जागा

— मेणबत्त्या तीनच? आपली माणसं चार पुरलीत.
— तुझ्या बापाला धूर सोसत नव्हता.
— मंगळवारी बेलग्रेडची बस किती वाजता असते रे?
— कोणाला जायचंय?
— सहज विचारलं.
— मृतांच्या नावाने शिजवलेला गहू नीट धर, वरची साखर सांडतेय.
— राडोये, हाच का आपल्या थडग्याचा दगड?

राडोये : हाच. बुधवारी उभा केला. सहा वर्षं तिहोमिर पाथरवटाच्या आवारात पडून होता. त्या दिवशी ट्रक दुसऱ्या कोणाचा दगड घेऊन येत होता, त्यातच आपलाही टाकला. वाहतूक फुकट!

विदोसावा : तेवढ्यासाठी सहा वर्षं थांबलास?

राडोये : आपण कुठे मेलो होतो तोवर? घाई कसली?

विदोसावा : थांब, हात लावून बघू दे. हे तुझं नाव. आणि हे माझं… विदा? माझं नाव विदोसावा आहे.

राडोये : पाथरवट अक्षरामागे पैसे घेतो. घरी मी विदाच म्हणतो ना तुला?

विदोसावा : मग तुझं का पूर्ण?

राडोये : मला घरात तू काय म्हणतेस ते आठव.

विदोसावा : हो, ते कोरण्यासारखं नाही. बरं. जन्म एकोणीसशे एकतीस. मग आडवी रेघ. मग… एक, नऊ. राडोये, हे एक आणि नऊ कशाला?

राडोये : कुठे?

विदोसावा : माझ्या मरणाच्या जागी!

राडोये : अगं, तो म्हणाला, पहिले दोन आकडे आत्ताच कोरून घेतले तर निम्म्या भावात. उरलेले दोन नंतर.

विदोसावा : आज तारीख काय?

राडोये : सहा नोव्हेंबर.

विदोसावा : आणि साल?

राडोये : वारा सुटलाय, मेणबत्ती धर.

विदोसावा : साल सांग, कंजूषा!

राडोये : नव्व्याण्णव.

विदोसावा : म्हणजे माझ्याकडे पंचावन्न दिवस आहेत.

राडोये : मलाही तेवढेच. माझ्या नावापुढेही तेच कोरलंय. मी दुजाभाव केलेला नाही.

विदोसावा : त्र्याण्णव साली तुझं डोकं होतं कुठे?

राडोये : त्र्याण्णव साली येता गुरुवार दिसेल याची खात्री कोणाला होती? सकाळी तुझं शिवणयंत्र विकलं, पिशवीभर नोटा आल्या. तासागणिक भाव चढत होते; दुपारी त्यात दगड येत होता. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर अंडी आली असती. अंडी नासतात, म्हणून दगड घेतला.

विदोसावा : माझ्या आईचं यंत्र होतं ते. अर्ध्या गावाचे सदरे त्यावर शिवले मी.

राडोये : ते अर्धं गाव आता हसतंय. आज पाद्रीबाबा विचारतात, “डिसेंबरातला एखादा दिवस राखून ठेवू का?” कोरलंय खोल, घासून जात नाही. तिहोमिर म्हणतो, नवी पाटीच बसवावी लागेल. पाचशे जर्मन मार्क.

विदोसावा : ते पैसे डोळ्यांचे आहेत. लेक जर्मनीत लोकांच्या फरश्या पुसते, त्यातले.

राडोये : तुला दिसतं की! माझी बाटली कुठेही लपवली तरी सापडते तुला.

विदोसावा : ती वासावर सापडते.

राडोये : डोळ्यांचं वसंतात बघू. तुझ्या डोळ्यांनी तुला एकटीला दिसणार. दगड सगळ्या गावाला दिसतो.

विदोसावा : राडोये, तू पैसे घेतलेस.

राडोये : मी?

विदोसावा : खोटं बोलायच्या आधी तू घसा खाकरतोस. आत्ताच खाकरलास.

राडोये : पहाटे घेतले. तसबिरीमागचं पाकीट. चिकटवलेलं होतं, तसंच तिहोमिरच्या हातात दिलं. उघडून मोजलेही नाहीत. बायकोवर विश्वास आहे माझा.

विदोसावा : मोजायला हवे होतेस. त्यात त्र्याण्णवच्या, रद्द झालेल्या नोटा होत्या. पाचशे अब्जांच्या. वीस-बावीस जपून ठेवल्या होत्या मी.

राडोये : देवा! तो बघ, फाटकातून तिहोमिरच येतोय. हातात पाकीट आहे. मागे कुंपण, पुढे तो. विदे, कुठे लपू?

विदोसावा : जागा तयार आहे. वर दगडही बसवलाय.

राडोये : थट्टा पुरे! खरे पैसे कुठे आहेत?

विदोसावा : बेलग्रेडच्या इस्पितळात. गुरुवारी शेजारणीबरोबर जाऊन भरले. मंगळवारी ऑपरेशन.

राडोये : मला न विचारता?

विदोसावा : यंत्र विकताना कोणाला विचारलं होतंस?

तिहोमिर : (धापा टाकत) राडोये! हे काय दिलंस? एवढ्या अब्जांत कोणी काडेपेटीसुद्धा देत नाही!

विदोसावा : ये, तिहोमिर. मृतांचा दिवस आहे, आधी चमचाभर गहू घे.

तिहोमिर : देव त्यांना शांती देवो. छान झालाय, अक्रोड भरपूर घातलेत. पण पाटीचं काय?

विदोसावा : आहे तशी राहू दे.

तिहोमिर : काकू, एक जानेवारीपासून तुम्ही दोघं बेकायदेशीर जिवंत ठराल.

विदोसावा : ठरू. याच्याबरोबर आणखी किती वर्षं काढायची, ते दगडाला विचारून ठरवणार नाही मी.

तिहोमिर : मग मी निघतो. या नोटा घ्या परत. चूल पेटवायला होतील.

राडोये : गेला. पाचशे मार्क, विदे! वसंत येईपर्यंत चार महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

विदोसावा : तुझा चेहरा मला जुलैपासून दिसत नाही.