एकशे बारा वेळा

वकिलाच्या खोलीबाहेर म्हातारा पुस्तक उघडून बसला होता, पण कान शेजारी होते. तिथं एक नटी आणि तिचा नवरा घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला आले होते.

"रोज रंगमंचावर त्या परक्याच्या गळ्यात पडतेस. घरी माझ्याशी बोलायला मात्र घसा बसलेला!"

"नाटक आहे ते! एकदा तरी बघायला आलास?"

"एकशे बारा वेळा. शेवटच्या रांगेत."

"मग आत भेटायला का नाही आलास?"

"तिथं सगळे वाहवा करतात. मला खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे मी वाईट करते?"

"दुसऱ्या अंकातलं रडणं खोटं वाटतं. खरी रडतेस तेव्हा आधी भांडी आपटतेस."

"हे दिग्दर्शकानंही सांगितलं नाही रे."

"त्याच्या घरी कुठं भांडी आपटलीस?"

कारकुनानं त्या दोघांना हाक मारली.

"आजोबा, तुम्ही जा आधी," ती म्हणाली. "आमचं भांडण अजून उरलंय."