बाजार जिवंत करायचाय म्हणे

...आणि वर मलाच विचारतात, "प्रतापराव, चेहरा का उतरलाय?" अहो, उतरणार नाही तर काय होणार? बाजार जिवंत करायचाय म्हणे. पण मेला कधी? कालपर्यंत तर मी त्यात साडीचे फॉल विकत होतो, गुलाबीला गुलाबी मिळवून देत होतो, आणि गिऱ्हाईक भांडत होतं, "भैया, ये पिंक नहीं, रानी है"... मेलेल्या बाजारात असं कुणी भांडतं का?

तर तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली त्या रेघेपासून. रंगपंचमीची गेर, आमची रंग उडवणारी मिरवणूक, नुकतीच होऊन गेलेली, सगळ्या भिंती माखलेल्या, आणि माझ्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर, गल्लीत, पार मागच्या टोकाला एक लाल रेघ. म्हटलं, गेरचाच रंग. फडकं घेऊन घासत बसलो, जाईना. समोरचा भांडीवाला ऋषभ म्हणाला, "भिया, उडालेला रंग वाकडा असतो. ही तर पट्टी लावून मारलीये." त्याच्या भिंतीवर नव्हती हो रेघ. बाजार जिवंत करायचाय म्हणे, आणि खूण फक्त माझ्या भिंतीवर.

मग आल्या ईशा मॅडम, महापालिकेच्या प्लॅनिंगवाल्या. पोरगी गोड, आवाज दवाखान्यात बोलतात तसा हळू. "काका, बाजार रिवाइव करना है. इथलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?" आता इंदुरी माणसाला असं विचारतात का? मी आधी पोहे मागवले, वर जिरावण मसाला भुरभुरवला, आणि सुटलोच. दुकानाचं काय सांगायचं, दुकान तर असतंच. मी ओटल्याचं सांगितलं. दुकानापुढचा काळा दगडी ओटला, आजोबांनी बांधलेला, इथे बसून सोयरिकी जमल्या, इथेच भांडणं मिटली, कुणी ओळखीचं आलं की मी गिऱ्हाईक सोडून बाहेर... "दुकान तो बहाना है मॅडम, असली चीज़ हा ओटला आहे." असं म्हणालो. माझ्याच तोंडाने. ऋषभ तेव्हा मुद्दाम खोकला, पण मी कुठला थांबतोय.

मॅडमनी मान डोलावली. फारच डोलावली.

परवा सगळ्या दुकानदारांना बोलावून पडद्यावर नवा बाजार दाखवला. दिवे काय, झाडं काय, आइसक्रीम खाणारी माणसं काय. अंधारात ऋषभने माझा हात धरला, तो असा कधी धरत नाही हो. मी आपला शोधतोय, माझं दुकान कुठेय... आणि ओटला दिसला. जसाच्या तसा, चकाचक, नव्या चौकाच्या मधोमध. आणि मागे? मागे काही नाही. पार त्या लाल रेघेपर्यंत सगळं साफ. आभाळ, आणि त्यात कबुतरं.

मी उठलो. "मॅडम, यामागे एक दुकान होतं." ऐकलंत? होतं. मीच म्हणालो, होतं. त्या हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हीच म्हणालात ना, असली चीज़ ओटला. आणि बघा ना, आम्ही तुम्हालापण ठेवलंय."

ठेवलंय, खरंच ठेवलंय. ओटल्यावर एक म्हातारा बसवलाय, माझीच टोपी, माझाच चष्मा. अगदी निवांत. त्याच्याकडे कुणी गुलाबी मागत नाही, कुणी रानी मागत नाही.

बाजार जिवंत करायचाय म्हणे. करा बाबा. मी हल्ली शटर उघडतो आणि आधी ओटल्यावर जाऊन बसतो, त्या चित्रातल्यासारखा. फक्त पाठ टेकत नाही. मागे शटर आहे अजून... पण सवय कशाला लावून घ्यायची?