हौसाबाईंचे दिवाळीचे लुगडे

हे मी गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी, साताऱ्यात माझ्या खोलीवर चहा घेताना, मित्राच्या वडिलांकडून ऐकले. ते माण तालुक्यातल्या एका गावचे सरपंच होते. निराधारांची पेन्शन वाढणार होती, मात्र मुलगा सांभाळत असेल तर वाढीच्या यादीतून नाव वगळायचे होते. ग्रामसभेत यादी वाचताना विधवा हौसाबाईंचे नाव आले.

"त्यांचा लेक मुंबईला कमावतोय. त्यांना वाढ कशाला?" एकाने विचारले.

सरपंच समोर बसलेल्या हौसाबाईंना म्हणाले, "आवं काकू, काय धाडतोय का त्यो?"

त्यांच्या आधी शेजारीणच कौतुकाने म्हणाली, "लय जपतोय. दर दिवाळीला लुगडं धाडतोय. काकूच सांगत्यात की."

"खरं का, काकू?"

"व्हय. लय गुणाचा हाय."

नाव वगळले गेले. पुढे कापड दुकानदाराकडून सरपंचांना कळले, की ती लुगडी हौसाबाई स्वतःच पेन्शनच्या पैशातून घेत असत. सरपंचांनी लगेच हौसाबाईंच्या नावाने नवा अर्ज लिहून नेला: मुलगा सांभाळत नाही.

हौसाबाईंनी अंगठा दिला नाही. "असलं लिवू नगा त्याच्याबद्दल," एवढेच म्हणाल्या.

तो मुलगा आज कुठे आहे, हयात तरी आहे का, हे मला पडताळता आले नाही.